मक्याचा गिअरबॉक्स

मक्या, तुझी यूट अजून माझ्याच गॅरेजमध्ये आहे. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे, चारही चाकं जमिनीपासून हातभर वर, आणि पोटाखाली जिथे गिअरबॉक्स असायला हवा तिथे मोकळं भोक. फ्रीझर त्याच गॅरेजमध्ये असल्यामुळे दिवसातून दोनदा तरी मला तिला खेटून जावं लागतं. तू होतास तेव्हाही जावं लागायचं. तेव्हा मी तिच्याकडे न बघता जायला शिकलो होतो. गेल्या सोळा दिवसांत ते विसरलो आहे.

तुझं गाव, तुझं शिक्षण, तुझा मनमिळाऊ स्वभाव हे सगळं इतरांनी सांगून झालं. परवाच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. हॉल भरला होता. तुझ्या बस डेपोतले ड्रायव्हर युनिफॉर्ममध्ये आले होते आणि बूट काढायचे की नाही हे न कळून दाराशी घोटाळत होते. तुला ते बघून मजा वाटली असती. मग दीपकने माइक घेतला. मंडळात कुठलाही कार्यक्रम असो, माइक दीपककडे जातोच. त्याने एकदा डोळे पुसले आणि म्हणाला, आपल्या मकरंदला रडलेलं आवडायचं नाही, म्हणून मी एक हसरी आठवण सांगतो. मला लगेच कळलं की तो कुठली सांगणार.

त्याने 'मक्याचा गिअरबॉक्स' सांगितला. बापाचं कराडला ट्रकचं गॅरेज, पोरगा पान्याशी खेळत मोठा झाला, आणि इथे येऊन पहिलाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला तर गाडी सुरू करताच फुटला. का? तर साहेब तीन मोजायचे ते दोनच मोजून मोकळे. लोक हसले, रडता रडता हसले. दीपक माझ्याकडे हात करून म्हणाला, "नितीन तिथेच होता, विचारा त्याला." अख्खा हॉल माझ्याकडे वळला. मी मान डोलावली. हसलोसुद्धा.

पुढच्या रांगेत शलाका बसली होती. अख्ख्या हॉलमध्ये एकटी तुझी बायको हसली नाही.

ही यूट आपण आणली तो दिवस तुला आठवत असेलच. पिकअपला इथे यूट म्हणतात हे कळायला आपल्याला पहिलं वर्ष लागलं होतं. मेल्टनच्या एका टाइल लावणाऱ्या म्हाताऱ्याकडून तू ती घेतलीस. म्हातारा प्रामाणिक होता. पुढे झकास जाते मेट, म्हणाला, फक्त मागे जायचा तिला कंटाळा आहे. रिव्हर्स अजिबात लागत नव्हता. मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, मक्या, जी गाडी मागे जात नाही ती कोण विकत घेतं? तू म्हणालास, ज्याला दुरुस्त करायची आहे तो.

तुला दुरुस्तच करायची होती. आपण दोघं एकाच विमानाने इथे उतरलो, एकाच कॉलेजात कुकरीचा डिप्लोमा केला, आणि त्यानंतर चौदा वर्षांत दोघांपैकी एकानेही घरी साधी भाजी फोडणीला टाकली नाही. तो डिप्लोमा व्हिसासाठी होता हे कॉलेजला माहीत होतं, आपल्याला माहीत होतं, तिथल्या शेफलाही माहीत होतं. मी नंतर वेअरहाउसच्या ऑफिसात चिकटलो. तू बस चालवायला लागलास आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्यांच्या गाड्यांची बॉनेट उघडायला लागलास. इथे मेकॅनिक म्हणून बोर्ड लावायचा तर ट्रेडची परीक्षा द्यावी लागते. तिथे कागद कमी बघतात, हात जास्त बघतात. बापाच्या ट्रकांना सगळ्यांना क्लच होता, त्यामुळे ऑटोमॅटिक तेवढं तुझ्या हाताखालून गेलेलं नव्हतं. चौदा वर्षं चालढकल करून तू शेवटी परीक्षेचा फॉर्म भरलास आणि दुसऱ्याच आठवड्यात ही यूट आणलीस. हिचा गिअरबॉक्स माझ्या हाताने बसला ना नित्या, की मी परीक्षेला जातो, म्हणालास. लॅव्हर्टनला एक शेड बघून ठेवली होतीस. बोर्डावर वडिलांचं नाव टाकायचं ठरवलं होतंस.

तुझ्या टाउनहाउसला गॅरेज नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे ट्रुगानिनाला आली. रिव्हर्स नाही म्हणजे तोंडाने आत घालावी लागली, आणि माझा ड्राइव्हवे रस्त्याकडे चढत जातो. एकदा आत गेली की ढकलून बाहेर काढणंही दोघातिघांचं काम नव्हतं. आता दुरुस्त होऊनच बाहेर पडेल, तू म्हणालास. प्राजक्ता दारात हाताची घडी घालून उभी होती. माझ्या बायकोला असली वाक्यं लगेच कळतात. किती दिवस, तिने विचारलं. दोन रविवार, वहिनी.

त्यातले पहिले दोन रविवार तर आपण भांडण्यातच घालवले. जुनाच गिअरबॉक्स खोलून, झिजलेले भाग बदलून दुरुस्त करावा असं तुझं म्हणणं. दुसरा तयार आणून लावावा असं माझं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भंगारातल्या गाड्यांच्या यार्डात तसाच बॉक्स मिळतो हे मी फोनवर शोधलं होतं आणि तेवढ्या ज्ञानावर मी तुझ्याशी वाद घालत होतो. खोललेला बॉक्स महिनाभर माझ्या टेबलावर पसरलेला मला नको होता, एवढीच माझ्या मुद्द्यांमागची खरी गोष्ट. शेवटी तू ऐकलंस. तू माझं नेहमी ऐकायचास आणि मग वर्षभर टोमणे मारायचास. हा टोमणा तर तू शेवटपर्यंत सोडला नाहीस. आपण जुनाच उघडायला हवा होता नित्या, असं तू परवा परवापर्यंत म्हणत होतास, आणि मी दर वेळी विषय बदलत होतो.

आता तो रविवार.

तो आठवा रविवार होता. दुसरा बॉक्स आणून झाला होता. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तू हसू नकोस. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या मध्ये कन्व्हर्टर नावाचा भाग असतो. दोन कढया तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा गोल, आत तेल, उचलायला जड. तो आधी गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवायचा. हळूहळू फिरवत आत दाबायचा, की तो एकेक पायरी आत जातो आणि प्रत्येक पायरीला ठक असा आवाज येतो. असे तीन आवाज. तिसरा आला की तो शेवटच्या खाचेत, आतल्या पंपाच्या दातांत नीट बसला. मग बॉक्स जॅकवर चढवून इंजिनला नेऊन भिडवायचा, आणि तो हाताने भिडला पाहिजे. फट राहिली तर समजायचं की कन्व्हर्टर पुढे सरकलाय. बॉक्स परत मागे घ्यायचा, तीन आवाज परत ऐकायचे. बोल्ट आवळून फट मिटवायची नाही, कधीच नाही, कारण मग आतला पंप फुटतो. हे तू मला त्या दिवशी दोनदा समजावलंस.

आणि तुझ्या वडिलांच्या गॅरेजचा नियमही सांगितलास. जो मोजतो तोच बोल्ट लावतो. मोजलं एकाने आणि आवळलं दुसऱ्याने, असं तिथे कधी चालायचं नाही. मोजायचंही मोठ्याने, समोरच्याने ते परत म्हणायचं. तू कन्व्हर्टर फिरवत होतास, मी समोर बसलो होतो. ठक. एक, तू म्हणालास. एक, मी म्हटलं. दोन. दोन. तिसऱ्याला जरा वेळ लागला, तू डोळे मिटून फिरवत राहिलास, आणि मग तो आला, आधीच्या दोन्हींपेक्षा खोल. तीन. मी पण म्हटलं, तीन. तू डोळे उघडून असा हसलास की मला तुझ्या घरातला वडिलांचा भिंतीवरचा फोटो आठवला.

बॉक्स जॅकवर चढवला तेवढ्यात तुझ्या आईचा रविवारचा फोन आला. गॅरेजमध्ये नेटवर्क धड नसतं, म्हणून तू हात पुसत किचनकडे निघालास. हात लावू नकोस, आलोच, असं दारातून सांगून गेलास.

तुझं आलोच म्हणजे अर्धा तास. आतून काकूंचा आवाज येत होता, प्राजक्ताही बोलण्यात सामील झाली होती. मी गाडीखाली आडवा पडून त्या बॉक्सकडे बघत होतो. आठ रविवार झाले होते. मला माझं गॅरेज परत हवं होतं. आणि खरं सांगतो, मला तुला चकित करायचं होतं. आयुष्यभर मी पाने हातात देणारा, बॅटरी धरणारा. एकदा तरी तू येऊन बघावंस की काम झालंय.

मी जॅक थोडा खाली घेतला, बॉक्सचं तोंड इंजिनाच्या रेषेत आणायला. तेव्हा आत बारीकसा ठक झाला. मी थांबलो. तो आवाज कन्व्हर्टर खाचेतून सरकल्याचा हे मला कळलं होतं, मक्या. चौदा महिने मी स्वतःला सांगितलं की कळलं नव्हतं. कळलं होतं. जॅकचा असेल, असं मी म्हटलं आणि बॉक्स पुढे सरकवला. बोटभर फट राहिली. खांदा लावून ढकललं, तरी राहिली. मग मी समोरासमोरचे दोन बोल्ट घातले आणि पान्याने एकदा हा, एकदा तो, असे आवळत गेलो. फट मिटत आली. अगदी शेवटी अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच एक आवाज आला, आणि मग सगळं अगदी घट्ट, अगदी छान बसलं.

तू आलास, उकिडवा बसलास, जोडावरून एक बोट फिरवलंस. नियम मोडला म्हणून रागावशील असं मला वाटलं होतं. तू उलट खूष दिसलास.

"हाताने बसला ना?"

"हो," मी म्हटलं.

माझ्या पाठीवर थाप मारलीस. मग कन्व्हर्टर फिरवून बघितलास, तो जड फिरला. तू परत एकदा फिरवलास. दुसऱ्या गाडीतला बॉक्स आहे, जरा कडक असेल, असं तूच म्हणालास आणि पुढच्या कामाला लागलास. त्या एका वाक्याचा मी किती आधार घेतला ते तुला माहीत नाही. तो जड फिरला तेव्हा हा का थांबला नाही, मेकॅनिक हा की मी, असं मी मनात शंभरदा म्हटलं आहे. तू थांबला नाहीस, कारण मी हो म्हटलं होतं.

तेल भरून तू गाडी सुरू केलीस. पत्रा घासल्यासारखा आवाज आला. तू रिव्हर्स लावलास, ती हलली नाही. ड्राइव्ह लावलास, हलली नाही. तू चावी बंद करून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिलास.

पुढच्या रविवारी बॉक्स खाली उतरवून तू पुढचं झाकण काढलंस. पंपाच्या दातेरी चकतीचे दोन्ही कान तुटले होते. ती चकती तळहातावर घेऊन तू बोटाने तुटक्या कडा चाचपत होतास, मी बॅटरी धरून उभा होतो. तू वर न बघता म्हणालास, "दोनच झाले असतील रे. तिसरा मी मनातल्या मनात मोजला."

मी समोर होतो. तिसरा मी तुझ्याबरोबर म्हटला होता. मी म्हणायला हवं होतं, नाही, तीन झाले होते. पण ते म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "होतं रे. नो वरीज." तिसरा आवाज तू ऐकलाच नसावास, हे तू इतक्या सहज मान्य केलंस की मला वाटलं, ठीक आहे, एक गिअरबॉक्सच तर आहे.

आठवड्याने तुझा फोन आला. फॉर्म मागे घेतलास. ज्याला तीनपर्यंत मोजता येत नाही त्याने दुसऱ्याच्या गाडीखाली जाऊ नये, म्हणालास. मी पुढच्या वर्षी दे वगैरे काहीतरी म्हटलं. लॅव्हर्टनची शेड नंतर एका जिमवाल्याने घेतली. तू ते मला बसमधून फोटो काढून पाठवलंस, खाली हसरा चेहरा टाकून.

दीपकपर्यंत गोष्ट तूच पोचवलीस, कारण स्वतःची फजिती सांगण्यात तुझा हात धरणारा कोणी नव्हता. मग गणपतीत प्रसाद वाटताना तो तुला म्हणायचा, मक्या, तीन मोदक दे, मोजता येतात ना? सगळ्यांत मोठ्याने तू हसायचास. मी ताट घेऊन बाजूला व्हायचो.

त्यानंतर चौदा महिने तू जवळपास दर रविवारी आलास. उलट्या केलेल्या दुधाच्या क्रेटवर बसायचास, चहा प्यायचास, यूटकडे बघायचास. पान्याला हात लावला नाहीस. ती तुटलेली चकती तू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून माझ्या शेल्फवर ठेवलीस, फ्रीझरच्या बरोबर वर. लक्षात राहावं म्हणून. मी तुला किती वेळा म्हटलं की विकून टाक, ओढून नेणारे येतात, दोन तासांत जागा मोकळी होते. तू म्हणायचास, असू दे, तुला अडचण होते का? मी म्हणायचो, हो, होते. यावरही आपण भांडलो. प्राजक्ताने शेवटी नाद सोडला आणि पावसाळी दिवसांत यूटच्या मागच्या रॅकवर चादरी वाळत टाकायला सुरुवात केली. तुला वाटत होतं मला जागेची अडचण आहे.

सांगायच्या वेळा आल्या नाहीत असं नाही. वेरिबी साउथच्या जेट्टीवर आपण गळ टाकून अख्खा आर्वो, म्हणजे दुपारभर, बसलो होतो. एकही मासा लागला नाही, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि तू आपणहून परीक्षेचा विषय काढलास. मी फूटीबद्दल, इथल्या फुटबॉलबद्दल, बोलायला लागलो. मला फूटीचे नियमही माहीत नाहीत. तू माझ्याकडे विचित्र बघितलंस आणि मग तूही फूटीबद्दल बोललास.

आणि हे कोणाशी केलं मी? कोविडमध्ये सीमा बंद होत्या तेव्हा माझे वडील तिकडे वारले. विमान नव्हतं, परवानगी नव्हती. मला घरात कोणासमोर रडता येईना म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. तू शिफ्ट संपली की थेट तिथे यायचास, मास्क लावून, दारापासून दोन हात लांब. अकरा दिवस. एकदाही धीर दिला नाहीस, तत्त्वज्ञान सांगितलं नाहीस. थर्मासमधला चहा माझ्या बाजूला सरकवायचास आणि बसून राहायचास. बाराव्या दिवशी म्हणालास, चल, तुझ्या गाडीचं ऑइल बदलू. त्याच फरशीवर, मक्या, जिथे नंतर तुझी यूट उभी राहिली. माझ्यासाठी जे केलंस त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धत नाही, असं म्हणून तेही राहूनच गेलं.

तुझा शेवटचा रविवार. चहा संपवून उठलास, जाता जाता बॉनेटवर हाताने टकटक केलंस आणि दारात थांबलास.

"पुढच्या रविवारी जुना बॉक्स उघडू या का रे? फक्त बघायला."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा तू हे म्हणालास. मला नाचायला हवं होतं. मी घाबरलो. तू पुन्हा कामाला लागलास, पुन्हा एखादा कन्व्हर्टर बसवलास, तर तिसरा ठक किती खोल असतो ते तुला आठवेल. मग तुला कळेल की तो मनातल्या मनात मोजता येण्यासारखा नाही. मग तू माझ्याकडे वळशील.

मी म्हटलं, बघू.

हा मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. बुधवारी डेपोतून शलाकाला तू गेल्याचा फोन आला आणि शलाकाने मला केला.

काल सकाळी ती यूटची चावी घेऊन आली. गाडी ओढून नेणाऱ्याशी बोलली होती, तो सोमवारी यायला तयार होता. तिला घरातली एकेक गोष्ट आवरायची होती, यादीत यूट होती. प्राजक्ता मुलीला पोहायला घेऊन गेली होती, घरात मी एकटाच. शलाका गाडीभोवती एक फेरी मारून आली. मग तिला शेल्फवरचा श्रीखंडाचा डबा दिसला, त्यावर मार्करने लिहिलेलं तुझं अक्षर दिसलं. तू त्यावर फक्त '३' लिहिला होतास. तिने झाकण उघडून विचारलं, हे काय आहे?

मी सांगितलं. जॅकपासून सगळं. ठक, फट, दोन बोल्ट, आणि माझा हो. सांगताना मी तिच्याकडे न बघता यूटच्या मागच्या चाकाकडे बघत होतो.

ती क्रेटवर बसली, तुझ्याच क्रेटवर. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. दोन्ही झालं नाही.

"तो गॅस बंद केला की तीनदा बघायचा," ती म्हणाली. "दाराचं कुलूप तीनदा. बसचा हँडब्रेक तीनदा लावतो म्हणायचा. आमच्या सोनूच्या शाळेच्या डब्यातल्या पोळ्या मोजायचा, एक, दोन, तीन, मोठ्याने. मी चिडायचे त्याच्यावर. म्हटलं, मकरंद, तुला काय झालंय?"

मी सॉरी म्हटलं असावं, नक्की आठवत नाही.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "मी हसले नव्हते. जे हसले त्यांना सांग."

मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा पर्समध्ये घातला. ड्राइव्हवेवर उभी राहून तिने गाडी ओढून नेणाऱ्याला फोन केला, येऊ नका म्हणून. मला म्हणाली, यूट इथेच राहील. तू सांगेपर्यंत तर राहीलच. नंतरचं मी बघेन. चावी मात्र ती घेऊन गेली नाही, फ्रीझरवर ठेवून गेली आहे.

म्हणून हे लिहितो आहे. मंडळाच्या अंकात दीपकने तुझ्यावर दोन पानं मागितली होती, हसऱ्या आठवणी चालतील म्हणाला होता. त्याला मी आज सकाळी सांगितलं की माझ्या लेखातला एक शब्दही बदलायचा नाही. तो का म्हणाला, मी म्हटलं वाच. दीपक, तू हसलास यात तुझी चूक नाही. तुला जे सांगितलं गेलं ते तू सांगितलंस, आणि मी मान डोलावली. पण यापुढे ती गोष्ट सांगशील तेव्हा माझ्या नावाने सांग.

मक्या, हे छापून आलं की मला हलकं वाटेल असं मला वाटत नाही. शलाका फोन उचलेल की नाही माहीत नाही. प्राजक्ताला काल रात्रीच सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. यूट आहे तिथे आहे, आणि ती बाहेर काढायची तर कोणाला तरी तो बॉक्स बसवावा लागेल. ज्याला बसवता येत होता त्याला मी परीक्षेपासून परत पाठवला. आता मी रोज फ्रीझरपाशी जाणार आणि ती रोज तिथे असणार. तुझ्यापुढे बोलायला चौदा महिने होते, तेव्हा तोंड उघडलं नाही. आता दोन पानं भरून बोलतोय, तर तू नाहीस.

तरी तू एक प्रश्न विचारला होतास, उकिडवा बसून, जोडावरून बोट फिरवत. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. ते तेवढं दुरुस्त करतो.

नाही रे, हाताने नव्हता बसला. मी बोल्टने ओढला. तू तीनच मोजले होतेस, मक्या. मी समोर बसून ऐकले होते.